दुसऱ्या घरातली प्रत

बेअरिंग ऐकायची आमच्या आयटीआयमध्ये एक जुनी पद्धत होती. लांब स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, पातं चालू मोटरच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मोटरच्या पोटात काय चाललंय ते सगळं ऐकू येतं. मी फिटर ट्रेडचा निदेशक होतो, उभी नोकरी जळगावात गेली, आणि नव्या पोरांना मी सगळ्यात आधी हेच शिकवायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाच्या एका फाल्गुनात मी तोच स्क्रू ड्रायव्हर घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कला लावून बसलो होतो. आत एक बारीक शिट्टी चालली होती आणि मधूनच टक, टक, जरा थांबून पुन्हा टक. माणसांच्या बाबतीत माझा अंदाज नेहमी चुकत आला, पण बेअरिंगच्या बाबतीत नाही. ही डिस्क आता फार दिवस काढणार नव्हती.

कॉम्प्युटर मुलीचा. ती कॉलेजात होती तेव्हा तिच्या कोर्ससाठी घेतलेला. पुढे तिचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली आणि कॉम्प्युटर इथेच राहिला, सासरी त्यांच्या बियाण्यांच्या दुकानात त्यांचा स्वतःचा होता म्हणून. तिच्या लग्नानंतर वर्षभरात तिची आई गेली. ताप काय आला, दवाखाना काय झाला, सगळं इतक्या घाईत उरकलं की मला तिच्याशी धड बोलताही आलं नाही. मग तीन खोल्या, एक अंगण, एक कूलर, एक कॉम्प्युटर आणि मी, एवढंच त्या घरात उरलं.

मला कॉम्प्युटरचं काही कौतुक नव्हतं. ज्या यंत्राचं झाकण उघडून आत बोट घालता येत नाही त्यावर माझा विश्वास बसत नाही. पण त्या डिस्कमध्ये बायकोचा आवाज होता.

मुलीने एकदा साउंड कार्ड आणि माइक आणला होता आणि तो चालतो की नाही हे बघायला आईला पुढे बसवलं होतं. आमच्या घरात आवाज साठवलेला असा तेवढाच. टेपरेकॉर्डर होता, पण त्यात आम्ही फक्त दुसऱ्यांची गाणी ऐकली. आम्ही नवरा-बायको दोघं धुळ्याकडच्या खेड्यातले. माझी बोली ऑफिसात झिजून गेली, तिची शेवटपर्यंत तशीच राहिली. डिस्कमधली ती आधी घसा साफ करते आणि म्हणते, "बोलू का आते? चालू व्हयनं का?" म्हणजे आता बोलू का, चालू झालं का. मुलगी हसते. मग ती म्हणते, "मी काय बोलू वं माय, मले काय येस?" मग बराच वेळ नुसता पंखा. मग कुठल्याशा शेजारणीच्या लोणच्याला बुरशी आली त्याची हकिकत, तीही अर्धीच. कारण मधेच अंगणाचं फाटक करकरतं आणि ती म्हणते, "फाटक वाजनं. तुना बाप उना वाटस. थांब, चहा ठेवस." खुर्ची सरकते आणि संपलं.

म्हणजे त्या आवाजाच्या शेवटी मी घरी येतो. मी त्यात बोलत नाही, फक्त फाटक बोलतं. ती होती तेव्हा त्या फाटकावरून ती मला रोज टोमणे मारायची, जगाच्या मशिनी दुरुस्त करतो आणि स्वतःच्या बिजागरीला तेल घालत नाही म्हणून. ती गेल्यावर तर मी तेल घालायचं नावच काढलं नाही. रोज कामावरून यायचो, फाटक ढकलायचो, ते करकरायचं आणि आतून काहीच यायचं नाही. मग हातपाय धुवायचो, कॉम्प्युटर लावायचो आणि तिचं ते ऐकायचो. त्यानंतर चहा मीच ठेवायचो. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कोणी नव्हतंही.

टकटक ऐकल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया शुद्ध मूर्खपणाची होती, आणि ती फक्त जळगावच्या माणसालाच सुचेल. फाल्गुन सरत आला की आमच्याकडे ऊन असं पेटतं की दुपारी कुत्रीसुद्धा नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात. मी विचार केला, डिस्क गरम होऊन कण्हत असेल. लेथवर जॉब तापला की आपण कूलंट सोडतो, तसं हिलाही थंड करावं. म्हणून मी कॉम्प्युटरचं झाकण काढलं आणि त्याला बरोबर कूलरच्या तोंडासमोर बसवलं. वाळ्याच्या ताट्या नव्या लावल्या, टाकी भरली, आणि मी स्वतः खाटेवर घामाघूम होऊन पडलो, कारण सगळा वारा कॉम्प्युटरसाहेब खात होते.

थोड्या दिवसांनी पाहिलं तर स्क्रूंना गंज आणि केबलच्या पिनांवर पांढरी पूड. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतका की तांब्याच्या बुडाला दगड धरतो. तेच पाणी मी वाफ करून डिस्कच्या नाकात सोडत होतो. टकटक कमी व्हायच्या ऐवजी वाढली. मी स्वतःला मोठ्याने शिव्या दिल्या. एकट्या माणसाच्या घरात शिव्यांना फार चांगला घुमारा मिळतो.

आता दुसरी डिस्क घेणं भाग होतं. फ्लॉपीचा प्रयोग आधीच करून झाला होता. ती फाइल एका फ्लॉपीत मावायची नाही, तुकडे करून भरली तर त्यातली एखादी हमखास वाचायची नाही. टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर धरून पाहिला, तर त्यात बायकोपेक्षा पंखाच जास्त आला. मग मी बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार तिशीतला, आधी टीव्ही दुरुस्त करायचा, बोलायला फटकळ नाही आणि कुठल्याही गोष्टीला नाही म्हणायचं नाही एवढाच त्याचा धंद्याचा नियम. "होईल ना सर," हे त्याचं उत्तर, प्रश्न काहीही असो.

"टिकाऊ कोणती?" मी विचारलं.

"सगळ्या टिकतात ना सर."

"मग माझी का गेली?"

"एखादी जाते."

हे उत्तर ऐकून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, मला ऐकून निवडू दे. त्याला काही कळेना. मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याने एकेक डिस्क वीज जोडून चालू केली आणि मी डोळे मिटून, मूठ कानाला लावून प्रत्येकीचं ऐकत गेलो. दुकानात आलेली दोन-चार माणसं हसत होती. हसू दे. एक डिस्क सुरू होताना फार किंचाळायची, एक चालताना डुगडुगायची. एक मात्र अशी मऊ घुमली, देवळाच्या गाभाऱ्यात दार लोटल्यावर जसं शांत होतं तशी. वजनालाही चांगली होती. मी म्हटलं, ही दे. त्याने माझ्या निवडीचं इतकं कौतुक केलं की मला तिथेच शंका यायला हवी होती.

घरी आणून जोडली तर आमचा जुना कॉम्प्युटर ढिम्म. पडदा काळा आणि वर कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. दुकानदार स्वतः आला, बऱ्याच खटपटीनंतर म्हणाला, "तुमची मशीन जुनी आहे सर. एवढी मोठी डिस्क तिला मोजताच येत नाही." मी म्हटलं, हे विकताना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "तुम्ही आवाज विचारला होता." त्याचं तेही खरंच होतं.

मग त्याने सेकंडहँड मशीनचा एक डबा आणला. जरा अलीकडचा, मोठी डिस्क मोजू शकणारा. आधी त्याने दोन्ही डिस्का एकाच केबलवर लावून पाहिल्या. त्यात एकीला मास्टर करायचं असतं आणि दुसरीला स्लेव्ह, त्यासाठी इवल्याशा टोप्या या पिनेवरून त्या पिनेवर हलवायच्या. पण दोघींच्या कंपन्या वेगळ्या आणि दोघींचं जमेना. जुनी मास्टर केली तर नवी दिसायची नाही, नवी केली तर जुनी गप्प. प्रत्येक उठाठेवीत जुनीची टकटक वाढत होती आणि माझा जीव टांगणीला लागत होता. शेवटी मी ओरडलो, "हात काढ तिच्यावरून. तिला जागेवरून हलवायचं नाही."

तो दचकला. मग म्हणाला, "असं काय आहे सर त्यात?"

मी सांगितलं नाही. पण त्याने आधी एकदा ती फाइल लागलेली ऐकली होती. तो म्हणाला, "मग वायर टाकू. ती जुन्या मशीनमध्येच राहील, आवाज वायरीतून दुसऱ्या मशीनमध्ये उतरवून घेऊ."

अशी आमच्या घरात वायर आली. टीव्हीच्या केबलसारखी काळी, दोन टोकांना दोन टोप्या. एक टोपी ढिली झाली तरी सगळं बंद. माझ्या खोलीत जागा नव्हती म्हणून डबा मुलीच्या खोलीत ठेवला. त्या खोलीत मी जायचं टाळत असे. तिथे तिचं कपाट होतं, भिंतीवर टिकल्या चिकटवलेला आरसा होता, आणि खाटेवर गुंडाळलेली गादी. वायर भिंतीच्या कडेने खिळे मारत मीच नेली. जोडून झाल्यावर माझ्या खोलीत बसून मी काही साठवलं की त्या खोलीतल्या डब्याचा दिवा लुकलुकायचा. पहिल्या दिवशी तो उगाच बघायला मी तीन वेळा उठून गेलो. त्या खोलीत कोणीतरी काहीतरी करतंय, असं वाटायला एवढंच पुरे होतं. ते वाटणं बरं नव्हतं, पण मला ते हवं होतं.

बायकोची फाइल मात्र जाईना. अर्ध्यावर जायची आणि टक, टक, टक करून थांबायची. दुपारी करून पाहिलं, संध्याकाळी करून पाहिलं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण खानदेशातली माणसं जड काम पहाटेच उरकतो. केळीचे घड पहाटे उतरवतात, कापूस वेचायला बायका उजाडायच्या आत निघतात. मी कूलर बंद करून ठेवला, खिडक्या उघड्या टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, अंगणातल्या फरशीला पाय गार लागत होते तेव्हा, मशीन सुरू केली. फाइल सोडली आणि स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. टकटक आली, थांबली, पुन्हा आली. मी तोंडाने चुचकारत होतो, जसं अडलेल्या बैलाला चुचकारतात. मग पलीकडच्या खोलीतला दिवा लुकलुकायचा थांबला. मी पळत जाऊन तिथे ती लावली. "बोलू का आते?" लोणचं आलं, बुरशी आली. फाटक आलं. "थांब, चहा ठेवस."

मी मुलीच्या खाटेवर, त्या गुंडाळलेल्या गादीवर बसून रडलो. मोठ्याने रडलो, आणि कोणी बघायला नाही याचं त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं. जुनी डिस्क त्यानंतर एक-दोनदा चालली आणि मग फिरायचीच बंद झाली.

एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण दुकानदाराला मी आनंदाने सांगायला गेलो तर तो म्हणाला, "सर, पण आता ती एकाच ठिकाणी आहे ना. आणखी एक प्रत काढा."

"जुन्या मशीनमध्ये लहान डिस्क टाकू. झाली दुसरी," मी म्हटलं.

"दोन्ही तुमच्याच घरात. एकाच मीटरवर. व्होल्टेज वाढलं की दोन्ही एकदम जातील. चोरी झाली, आग लागली, काहीही. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवावी."

तो हे सहज बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी मात्र रस्त्याने घरी येईपर्यंत तेच घोळवत राहिलो. दुसरं घर. कोणाचं?

शेजारी भला माणूस होता, पण त्याच्याशी माझं बोलणं पाण्याच्या टँकरपलीकडे कधी गेलं नव्हतं. त्याला काय सांगणार, माझ्या बायकोचा आवाज तुमच्या कपाटात ठेवा म्हणून? भुसावळला रेल्वे कॉलनीत एक जुना मित्र होता. त्याला शेवटचा कधी भेटलो ते आठवायला लागलो, तर ते बायकोच्या दहाव्याला. संस्थेतले सहकारी होते, त्यांच्याबरोबर चहा होता, बदल्यांच्या गप्पा होत्या. साठीकडे झुकलेला माणूस, आणि एवढासा लोखंडी डबा विश्वासाने ठेवायला मला एक घर सापडेना. डिस्क निवडताना मी एवढी चिकित्सा केली होती, आणि ज्याची खरी चणचण होती ती गोष्ट कुठल्याच दुकानात नव्हती.

धुळ्याचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. एक तर आमच्यात मुलीच्या सासरी आपली चीज ठेवत नाहीत. तिला द्यायचं, तिच्याकडून घ्यायचं मात्र काही नाही. माझे वडील माझ्या बहिणीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, फिरकीचा तांब्या सोबत न्यायचे. मीही तेच करत आलो. आणि दुसरं म्हणजे मी तिच्यावर रुसलो होतो.

आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, सांजोऱ्या खातात, आणि घरच्या गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुलगी आली होती, आई होती तेव्हा. आई गेल्यानंतरच्या आखाजीला मी धुळ्याला फोन केला होता आणि चांगलं मोठं मन करून म्हटलं होतं, "घर तुझंच आहे. वाटेल तेव्हा ये." ती म्हणाली होती, "बघते नाना." आणि ती आली नव्हती. घागर मी एकट्याने भरली. त्यानंतर मी फोनवर जेवढ्यास तेवढं बोलायला लागलो, आणि तिनेही कधी कारण सांगितलं नाही. आई नाही तर माहेर कसलं, असं तिला वाटत असेल, असा हिशोब करून मी तो विषय मिटवून टाकला होता.

पण दुसरं घर नव्हतंच. शेवटी मी एसटीडी बूथवर गेलो आणि धुळ्याला फोन लावला. तिने "नाना?" म्हटल्याबरोबर मी थेट कामाचंच विचारलं.

"तुमच्या दुकानातली मशीन केवढी डिस्क मोजते?"

ती म्हणाली, "नाना, हे विचारायला फोन केला?"

"हो. आणि केबलवर एक जागा रिकामी आहे का बघ. आणि कोणत्या कंपनीची आहे तेही बघ. वेगळ्या कंपनीच्यांचं जमत नाही."

तिने बघून सांगितलं. आणखी काहीतरी विचारायचं असावं तिला, पण बूथवाल्याचा मीटर पळत होता, आणि मी "ठीक आहे, येतो मी" म्हणून फोन ठेवला. दुकानदाराने त्याच कंपनीची एक वापरलेली लहान डिस्क काढून दिली. मी ती ऐकली. म्हातारी होती, पण श्वास एकसारखा होता. तिच्यात आवाज उतरवून घेतला, ती बायकोच्या एका सुती पातळात गुंडाळली आणि आखाजीच्या आदल्या आठवड्यात धुळ्याची एसटी पकडली.

एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मी ते बोचकं मांडीवर धरून बसलो. खड्डा आला की मी सीटवरून अर्धा उठायचो, म्हणजे हिसका मला बसावा, तिला नाही. शेजारच्या बाईने विचारलं, "काय शे त्यामा भाऊ? काच शे का?" मी म्हटलं, "तसंच." खिडकीतून भट्टीची झळ येत होती. तांब्यातलं पाणी पारोळ्यालाच संपलं.

मुलीच्या घरी पोचलो तेव्हा विहीणबाई ओट्यावर शेवया उन्हात घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं, माझ्या हातातलं पातळाचं बोचकं पाहिलं आणि तशाच पिठाच्या हातांनी उठून आत तोंड करून ओरडल्या, "अगं, तुनं मूळ उनं वं! नाना सोता उनात!"

तुझं मूळ आलं, नाना स्वतः आले, असं त्या म्हणत होत्या; मूळ म्हणजे मुलीला सासरहून न्यायला माहेरहून पाठवलेला माणूस. मी तोंड उघडलं होतं, बाई, मी हार्ड डिस्क घेऊन आलोय, असं सांगायला. तेवढ्यात मुलगी दारात आली. माझ्याकडे पाहत राहिली. वळली, आत गेली आणि पिशवी घेऊन आली. भरलेली पिशवी, वरच्या बंदाला गाठ मारलेली.

विहीणबाई म्हणाल्या, "मांगला साले बी पोरनी पिशवी भरेल व्हती. कोनी उनंच नही." त्यांच्या बोलण्यात दोष द्यायचा सूर नव्हता. त्या मागल्या वर्षी घडलेलं सांगत होत्या.

मला हळूहळू उलगडत गेलं. बोलावणं आल्याशिवाय आणि न्यायला माणूस आल्याशिवाय सून आपण होऊन माहेरी कशी निघणार? बायकोने पहिल्या आखाजीला आपल्या भावाला धाडलं होतं. मला वाटलं होतं तो सहज पोरीबरोबर आला. निरोप, माणूस, गाडी, विहिणीसाठी खण, हे सगळं ती मागच्या मागे करायची आणि मला दिसायचं ते फक्त फाटकातून आत येणारी मुलगी. ती गेल्यावर ते सगळं बंद झालं, आणि मी जळगावात रुसून बसलो. आणि ही इकडे पिशवी भरून बसली होती.

"फोनवर का नाही म्हणालीस?" मी तिला विचारलं.

"न्यायला या असं आपणच सांगायचं असतं का नाना?"

ती पाणी घेऊन आली. माझा तांब्या रिकामा होता. विहीणबाई म्हणाल्या, "घ्या नाना, ऊन फार शे." मी पेला घेतला आणि घटाघटा प्यायलो. वडिलांची आठवण झाली, आणि त्यांना काय वाटायचं ते वाटो असंही मनात आलं.

जावयांनी दुकानातली मशीन उघडून दिली. डिस्क बसली, पहिल्याच झटक्यात दिसली. मुलगी उभ्यानेच ऐकत होती. आईचा आवाज आला तेव्हा तिने ओठ दाबून धरले. लोणच्याची बुरशी आली तेव्हा विहीणबाई हसल्या. फाटक करकरलं तेव्हा मात्र मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "अजून तेल नाही घातलं ना तुम्ही?" आणि मग तिला रडू आलं.

तिला घेऊन मी जळगावला आलो. तिने तिच्या खोलीतली गादी उलगडली, डब्यावर रुमाल टाकला आणि त्याच्यावर आपली कंगवा-टिकल्यांची डबी ठेवली. मी म्हटलं, त्याला वारा लागतो. ती म्हणाली, "आज नाही लागत."

आखाजीच्या सकाळी मी कुंभाराकडे गेलो, तिच्या आईच्या नावाची घागर घेतली, घागरीवर ठेवायला डांगर घेतलं, म्हणजे खरबूज. नदीकाठचं, वास सुटलेलं. दोन्ही हात भरलेले. घरी आलो आणि फाटक खांद्याने ढकललं. ते करकरलं.

आतून आवाज आला, "नाना आले वाटतं. थांबा, चहा ठेवते."

मी घागर कडेवर घेऊन तसाच अंगणात उभा राहिलो. ती चार दिवसांनी जाणार होती, हे मला माहीत होतं. तरी मी लगेच आत गेलो नाही. आत भांड्याचा आवाज झाला, स्टोव्ह पेटला, आणि ती पुन्हा म्हणाली, "या ना नाना, बाहेर काय उभे?"